आराखडा आपल्या हाती: छोट्या कामांसाठी पीसीबीचं सॉफ्टवेअर निवडताना

प्रस्तावना

वडगाव मावळपासून तळेगावपर्यंत आणि वर कामशेत, लोणावळ्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. तळेगावच्या फुलशेतीत पॉलिहाउसचे फॉगर वेळेवर चालू-बंद करणारी पेटी बसवणारा वायरमन, नदीकाठच्या मोटारीला मोबाइलवरून चालणारा स्टार्टर जोडून देणारा मेकॅनिक, दूध डेअरीतल्या वजनकाट्याचं बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर, एमआयडीसीतल्या कारखान्याला तपासणीची जिग करून देणारा माजी कामगार, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाती घेतलेली मुलगी: हे सगळे एकाच धंद्याचे लोक आहेत, जरी ते एकमेकांना ओळखत नसले तरी. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

यांचं बहुतेक काम अजून जनरल पर्पज बोर्डावर चालतं. पुण्याला तापकीर गल्लीतून पार्ट आणायचे, भोकाभोकांच्या बोर्डावर बसवायचे आणि खालून वायरचे तुकडे टाकून जोडायचे. एकच नग करायचा असेल तर यात काही वाईट नाही. पण गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं, "असेच अजून पाच करून द्या," तेव्हा अडचण सुरू होते. पाच नग पाच तऱ्हेचे होतात. एकात वायर सुटते, दुसऱ्यात टाका कच्चा राहतो आणि बिघाड शोधायला गेलं की करणाऱ्यालाच आपली जोडणी ओळखू येत नाही. इथून पुढची पायरी म्हणजे छापील सर्किट बोर्ड, पीसीबी. ती चढायला एक सॉफ्टवेअर लागतं आणि ते कोणतं घ्यावं, हा या पुस्तकाचा पहिला प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे मिळणारं नेहमीचं उत्तर "मित्राकडे ज्याची कॉपी असेल ते" असं असतं. हे उत्तर बदलावं असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर स्वस्त की महाग हे पहिल्या दिवशीच्या किमतीवरून ठरत नाही. दहा वर्षांनी तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येईल का, ती कोणत्याही बोर्ड बनवणाऱ्याकडे नेता येईल का आणि शिकायला घातलेला वेळ वाया तर जाणार नाही ना, या तीन गोष्टींवरून ते ठरतं. या कसोटीवर मी जे सॉफ्टवेअर पहिलं ठेवतो त्याचं नाव किकॅड. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय, ते पाहू. काम दोन अंगांनी चालतं. पहिलं अंग स्कीमॅटिक, म्हणजे कोणता पार्ट कशाला जोडला आहे याची आकृती. इथे आकार, अंतर यांचा संबंध नसतो, फक्त जोडण्या खऱ्या असाव्या लागतात. दुसरं अंग लेआउट. इथे प्रत्येक पार्टला त्याचा फूटप्रिंट मिळतो, म्हणजे बोर्डावर त्याच्या पायांची भोकं किंवा पॅड नेमके कुठे आणि केवढे असतील ते ठरतं, आणि मग तांब्याचे ट्रॅक ओढले जातात. स्कीमॅटिकमध्ये जी जोडणी सांगितली तीच लेआउटमध्ये झाली आहे ना, हे सॉफ्टवेअर सतत पडताळत राहतं. शेवटी ते गर्बर फाइल काढून देतं. वरचं तांबं, खालचं तांबं, सोल्डर मास्क, वरची छपाई, बोर्डाची कड अशी प्रत्येक थराची वेगळी फाइल असते आणि भोकांसाठी स्वतंत्र ड्रिल फाइल असते. जगातला बहुतेक प्रत्येक पीसीबी कारखाना या फाइलींवर काम करतो. या पद्धतीचा तपशील आज बेल्जियमची युकॅम्को ही कंपनी सांभाळते आणि तो सर्वांना खुला आहे. म्हणजे कारखान्याकडे जाणारी शेवटची वाट सगळ्यांना सारखीच मोकळी आहे. अडवणूक होते ती त्याच्या आधी, आपली मूळ फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये असते तिथे.

नवशिक्याला सगळ्यात जास्त नडतो तो फूटप्रिंट. पॉलिहाउसच्या फॉगरसाठी एक साधी रिले चालवायची आहे असं समजा. 5 व्होल्टची शुगर क्यूब रिले, ती ओढायला एक एनपीएन ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड. ट्रान्झिस्टर म्हणून बीसी547 घेतला तर त्याची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यावर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुकानात तो संपला म्हणून त्याच प्लॅस्टिकच्या घडणीतला पीएन2222 आणला तर क्रम बरोबर उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही सारखे, भोकंही त्याच अंतरावर, बोर्डावर दोन्ही छान बसतात. पण चुकीचा बसवला तर रिले नीट ओढत नाही. स्कीमॅटिक काढताना किकॅड पायांच्या क्रमाप्रमाणे वेगवेगळी चिन्हं पुढे ठेवतं आणि त्यातलं एक निवडायला लावतं. ही निवड डेटाशीट समोर ठेवूनच करावी. दुसरी सवय अशी, की बोर्ड करायला टाकण्याआधी लेआउट साध्या कागदावर 1:1 मापात छापावा आणि खरे पार्ट त्या कागदावर टोचून पाहावेत. कनेक्टर कडेला आदळतो, कपॅसिटर रिलेच्या अंगावर येतो, स्क्रूचं भोक पेटीच्या भोकाशी जुळत नाही, हे सगळं एका कागदावर कळतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कामं सरळपणे होतात ते आपल्या कामाचं.

आता किमतीचा प्रश्न. बाजारातली सॉफ्टवेअरं ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. पहिला गट मोठ्या कंपन्यांसाठीचा: अल्टियम, ऑरकॅड यांसारखी. मोबाइल, मोटारी, वैद्यकीय यंत्रं अशा कामांसाठी ती घडवलेली आहेत आणि पूर्ण परवान्याचा वर्षाचा खर्च लाखांच्या घरात जातो. दुसरा गट "अमुक मर्यादेपर्यंत फुकट" या प्रकारचा. बोर्ड एवढ्याच आकाराचा, थर दोनच, पिना इतक्याच, किंवा धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही, अशा अटी त्यात असतात. तिसरा गट मुक्त सॉफ्टवेअरचा. तिथे मर्यादा नाही, मुदत नाही, आणि त्याचा मूळ कोडही कोणालाही पाहता, बदलता, वाटता येतो.

दुसऱ्या गटात काय घडू शकतं याचं ठळक उदाहरण म्हणजे ईगल. जर्मनीच्या कॅडसॉफ्ट कंपनीने ते 1988 मध्ये आणलं. त्याची फुकट आवृत्ती 100 बाय 80 मिलिमीटरच्या दोन थरी बोर्डापुरती होती आणि छंद म्हणून काम करणाऱ्यांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. आर्डुइनोच्या सुरुवातीच्या बोर्डांचे आराखडे ईगलच्याच फाइलींत प्रसिद्ध झाले होते. 2016 मध्ये ऑटोडेस्कने ईगल विकत घेतलं. 2017 पासून एकदाच पैसे भरून घ्यायचा परवाना बंद होऊन वर्गणी सुरू झाली. 2023 मध्ये कंपनीने जाहीर केलं की 7 जून 2026 नंतर ईगल विकलं जाणार नाही आणि त्याला आधारही मिळणार नाही. वापरणाऱ्यांनी कंपनीच्या फ्यूजन या सॉफ्टवेअरकडे यावं, असं तिचं म्हणणं. कंपनीच्या दृष्टीने हा तिचा हक्काचा व्यावसायिक निर्णय आहे. पण ज्याने वीस वर्षांचे आराखडे त्यात साठवले त्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच्या कामाची मुदत दुसऱ्याच कुणीतरी ठरवली.

आपल्या भागातल्या कामाचं स्वरूप पाहता ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलला जातो. पॉलिहाउसची कंट्रोल पेटी किंवा पंपाचा स्टार्टर मात्र आठ-दहा वर्षं भिंतीला असतो. शेतकरी तो चालतोय तोवर काढत नाही आणि काढू नयेच. मधल्या काळात एखादा आयसी बाजारातून जातो, रिलेची जागा वेगळ्या मापाची रिले घेते आणि जुना आराखडा उघडून दोन ट्रॅक हलवण्याची वेळ येते. त्या दिवशी फाइल उघडली नाही तर पाच मिनिटांच्या कामासाठी बोर्ड मुळापासून पुन्हा काढावं लागतं. त्यामुळे आपण विकलेल्या मालाच्या आयुष्याहून आपल्या सॉफ्टवेअरचं आयुष्य मोठं असलं पाहिजे.

कॉपी केलेल्या, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण पेनड्राइव्हवरून ते सर्रास फिरतं. चोरीचा संगणक प्रोग्राम जाणूनबुजून वापरणं हा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्रॅकबरोबर व्हायरस येतात ते वेगळंच. पण मला याहून मोठं नुकसान दिसतं ते हे की अशा सॉफ्टवेअरवर उभं केलेलं काम उघडपणे कोणाला दाखवता येत नाही. उद्या एखाद्या कारखान्याने मूळ फाइली मागितल्या, बँकेने कर्जासाठी धंद्याचा हिशेब मागितला, तर मान खाली घालावी लागते. फुकट आणि कायदेशीर पर्याय समोर असताना ही वेळ कशासाठी ओढवून घ्यायची?

तो पर्याय म्हणजे किकॅड. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या झाँ-पिएर शरास यांनी 1992 मध्ये ते लिहायला घेतलं. बरीच वर्षं ते गुणी पण ओबडधोबड मानलं जात होतं. चित्र बदललं ते 2013 पासून, जेव्हा जिनिव्हाच्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने त्याच्या विकासात हात घातला. सर्नची भूमिका सरळ होती: यंत्रांचे आराखडे सर्वांना खुले करायचे असतील तर ते उघडण्याचं साधनही सर्वांना परवडणारं हवं. ट्रॅक ओढताना वाटेतले दुसरे ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारा राउटर ही तिथल्या अभियंत्यांची देणगी आहे. 2019 मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. 2018 मध्ये पाचवी, 2021 अखेर सहावी, आणि 2023, 2024, 2025 या वर्षांच्या फेब्रुवारीत अनुक्रमे सातवी, आठवी, नववी आवृत्ती आली. आज त्यात 32 थरांपर्यंतचा बोर्ड करता येतो. आपल्याला दोन थर पुरतात, पण दार बंद नाही हे महत्त्वाचं. बोर्डाच्या आकारावर अट नाही, तयार केलेला माल विकण्यावर अट नाही, विंडोज असो की लिनक्स, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. पावसाळ्यात ज्या गावात रेंज जाते तिथे हा मुद्दा किरकोळ नाही.

किकॅडच्या फाइलीबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बोर्डाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत न कळणारी चिन्हं नसतात, साधा मजकूर असतो. एकेका ट्रॅकची एकेक नोंद असते: तो कोणत्या बिंदूपासून निघतो, कोणत्या बिंदूवर संपतो, किती मिलिमीटर रुंद आहे, कोणत्या थरावर आहे आणि कोणत्या जोडणीचा आहे. म्हणजे उद्या किकॅड नावाची गोष्टच जगातून नाहीशी झाली, तरी तुमचं बोर्ड वाचता येईल आणि पुन्हा उभं करता येईल. आराखडा आपल्या हाती आहे याचा याहून साधा पुरावा दुसरा नाही. शिवाय ईगल, अल्टियम, ईझीईडीए यांच्या फाइलीही किकॅडमध्ये आणता येतात, त्यामुळे ज्यांचं जुनं काम तिकडे आहे त्यांची वाट बंद होत नाही. आणल्यावर प्रत्येक जोडणी तपासून घ्यावी, एवढी खबरदारी मात्र हवी.

महाराष्ट्रात या दिशेने आधीच मोठं काम झालेलं आहे आणि ते आपल्या कारागिरांपर्यंत पुरेसं पोहोचलेलं नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फॉसी प्रकल्पाने ईसिम नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. किकॅड आणि एनजीस्पाइस ही दोन मुक्त सॉफ्टवेअरं त्यात एकत्र बांधली आहेत. आकृती काढायची, बोर्ड करण्याआधी सर्किट संगणकावर चालवून व्होल्टेज-करंट पाहायचे आणि मग लेआउटकडे वळायचं, अशी सगळी साखळी त्यात आहे. हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर, म्हणजे आपल्याच पैशावर उभा आहे. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. इंग्रजी मेनू पाहून हात आखडणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्री. शं. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. 2002 मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब झाल्या त्यांत पाबळची गणना होते. संगणकावर काढलेला बोर्ड छोट्या मिलिंग यंत्रावर कोरायचा, त्यावर पार्ट टाकायचे आणि चालवून पाहायचा, हे काम फॅब लॅबच्या शिक्षणात नेहमीचं आहे. खेड्यात राहणाऱ्या मुलाला सर्किट बोर्ड करता येतो का, या शंकेचं उत्तर पाबळने केव्हाच देऊन ठेवलं आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की अनेकांच्या मनात येतं, "फुकट आहे म्हणजे टिकणार कसं?" याचं उत्तर शोधायला मावळच्या माणसाला लांब जायची गरज नाही. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी माणशी एक पैसा गोळा करण्याची मोहीम चालवली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काम सुरू केलं. हा कारखाना नुसत्या मालासाठी नव्हता, माणसं घडवण्यासाठी होता. तिथे शिकलेल्यांनी देशात इतरत्र काचेचे कारखाने उभे केले. किकॅडची रचना याच जातीची आहे. कोणी पैसे देतं, कोणी कोड लिहितं, कोणी एखाद्या पार्टचा फूटप्रिंट मोजून देतं, कोणी मेनूचं आपल्या भाषेत रूपांतर करतं. घेताना कोणाला अडवलं जात नाही आणि म्हणूनच देणारेही आटत नाहीत.

किकॅडच सगळ्यांना सगळ्या वेळी योग्य, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्राउझरमध्ये चालणारं ईझीईडीए शिकायला सोपं आहे. चीनमधल्या बोर्ड बनवणाऱ्या आणि पार्ट विकणाऱ्या कंपन्यांशी ते जोडलेलं असल्यामुळे पार्ट निवडला की त्याचा फूटप्रिंट लगेच हाताशी येतो. घाईच्या एका कामासाठी ते उत्तम आहे; फक्त काम संपल्यावर सगळ्या फाइली स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात. ब्रेडबोर्डवरची जोडणी चित्रात दाखवायची असेल, शाळेतल्या मुलांना शिकवायचं असेल, तर फ्रिट्झिंग छान. मोठ्या बोर्डासाठी ते अपुरं पडतं. लिब्रेपीसीबी हे मुक्त सॉफ्टवेअर किकॅडपेक्षा आटोपशीर आहे, 2023 मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि साध्या दोन थरी बोर्डांना ते पुरतं. ज्याला कारखान्यात नोकरी करायची आहे आणि तिथे अल्टियम किंवा ऑरकॅड चालतं, त्याने ते तिथे शिकून घ्यावं. आकृतीतून लेआउट आणि लेआउटमधून गर्बर हा क्रम एकदा पक्का झाला की एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाणं कठीण जात नाही.

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी त्याला मावळचा पाऊस माहीत नसतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वडगावला तो बराच कमी असला तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीच असते, आणि पॉलिहाउसमध्ये तर बारा महिने फवारा चालतो. अशा हवेत तांब्याच्या दोन ट्रॅकमध्ये धूळ आणि ओल मिळून करंटला वाट करून देतात. म्हणून 230 व्होल्टची बाजू आणि 5 व्होल्टची बाजू यांच्यात किमान 6 ते 8 मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, जमलं तर रिलेखाली बोर्डाला खाच कापून घ्यावी आणि तयार बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल रोखणाऱ्या लेपाचा, थर द्यावा. ट्रॅकच्या रुंदीचंही तसंच. नेहमीच्या 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर 1 अँपिअरला सुमारे 0.3 मिलिमीटर रुंदी पुरते, पण 10 अँपिअरचा करंट जायचा असेल आणि ट्रॅकचं तापमान 10 अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल, तर रुंदी 7 मिलिमीटरच्या वर जाते. हे गणित करणारी खिडकी किकॅडमध्येच आहे. ही मापं कामाच्या सुरुवातीलाच नियम म्हणून भरून ठेवली की मोडलेला प्रत्येक नियम डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियम-तपासणी, बोट ठेवून दाखवते. ती तपासणी न करता कोणताही बोर्ड कारखान्याला पाठवू नये.

पुस्तकाची मांडणी चार भागांत केली आहे. पहिल्या भागात किकॅड बसवणं आणि एक एलईडी, एक रेझिस्टर एवढाच बोर्ड पूर्ण करणं आहे, म्हणजे आकृतीपासून गर्बरपर्यंतची सगळी वाट एकदा पायाखालून जाते. दुसऱ्या भागात फॉगरचा रिले बोर्ड, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा बोर्ड आणि पंपाच्या स्टार्टरचा बोर्ड अशी तीन कामं आहेत. तिसऱ्या भागात स्वतःचं चिन्ह आणि फूटप्रिंट कसा करायचा ते आहे, कारण आपल्या बाजारात मिळणारा प्रत्येक पार्ट तयार संग्रहात सापडत नाही. चौथ्या भागात बोर्ड करून कसा घ्यायचा ते आहे: कारखान्याला काय पाठवायचं, कोणते प्रश्न विचारायचे आणि एकच नग हवा असेल तर घरी लेझर प्रिंट, ग्लॉसी कागद, इस्त्री आणि फेरिक क्लोराइड वापरून तो कसा करायचा. घरी करणाऱ्यांना इथेच एक कळकळीची विनंती आहे. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबं उतरलेलं असतं. ते गटारात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. मावळातलं पाणी इंद्रायणीला आणि पवनेला मिळतं आणि तेच पाणी खालची गावं पितात. ते बंद डब्यात साठवून घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्यांकडेच द्या.

शब्दांच्या बाबतीत कामाच्या जागी जो शब्द चालतो तोच ठेवला आहे. ट्रॅक, पॅड, फूटप्रिंट, ड्रिल, टाका हे शब्द दुकानदाराला आणि कारखान्याला कळतात, म्हणून तेच. पुस्तकातल्या तिन्ही मुख्य बोर्डांच्या मूळ फाइली वाचकांसाठी खुल्या आहेत. त्या बदला, सुधारा, विकायच्या मालात वापरा, कोणाची परवानगी मागू नका.

वाचकांना शेवटची सांगणी एवढीच. हे पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. पहिला छोटा बोर्ड याच आठवड्यात काढा, कागदावर छापून पार्ट टोचून पाहा आणि मग करायला टाका. फाइलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. एखादा पार्ट मोजून त्याचा फूटप्रिंट केलात तर तो स्वतःपुरता न ठेवता इतरांनाही द्या. आणि तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्या पोराला क्रॅक केलेली कॉपी देऊ नका, किकॅड बसवून द्या.